बिनतारी लहरींचा गृहप्रवेश

पनवेल हे मूळचे वाटेवरचे गाव. लोहमार्ग होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जावयाचे तर होडीत बसून पनवेलच्या खाडीत शिरावे, भरतीच्या पाण्यावर बंदराला लागावे, आणि तेथून पालखी, मेणा अथवा घोडा करून बोरघाटाची वाट धरावी, हाच शिरस्ता होता. बिशप हेबर 1825 साली याच वाटेने पुण्याकडे गेला, आणि 1830 साली गव्हर्नर माल्कमच्या कारकीर्दीत घाटातून चाकाचे वाहन जाईल असा रस्ता खुला झाल्यावर तर या बंदराची वर्दळ अधिकच वाढली. 1852 साली, म्हणजे मुंबई इलाख्यातील पुष्कळ मोठ्या गावांच्या आधी, येथे नगरपालिका स्थापन झाली. या गावाचा मुख्य धंदा मात्र बंदराचा नव्हे तर सुतारकीचा होता. पनवेलला बैलगाडीची चाके बनत, आणि येथून देशावर जाईपर्यंतच्या मुलखातील प्रत्येक शेतकऱ्यापाशी पनवेली चाकांची एक जोडी असतेच, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने करून ठेविली आहे. बोरघाटाचा लोहमार्ग 1863 साली पुरा झाला, पुण्याची रहदारी कल्याण-कर्जतकडे वळली, आणि पनवेल जवळजवळ शंभर वर्षे आडबाजूला पडले.

अशा गावाच्या इतिहासात घरोघरच्या बिनतारी यंत्राचा, म्हणजे ज्यास आता आबालवृद्ध राउटर म्हणतात त्या दोन-चार शिंगांच्या पेटीचा, समावेश करणे कित्येकांस विक्षिप्त वाटेल. परंतु ही पेटी नवीन असली तरी तिचा कुळाचार जुना आहे. ती बिघडली म्हणजे घरातील मंडळी ज्या क्रमाने अस्वस्थ होतात, ज्या क्रमाने तर्क लढवितात आणि अखेर ज्याच्या नावाने बोटे मोडतात, त्या सर्वांचा उगम या देशात सरकारने बिनतारी लहरींवर प्रथम मालकी कशी सांगितली आणि पुढे तीतील एक लहानसा तुकडा कोणत्या शर्तींवर सोडून दिला, या हकीकतीत आहे. ती हकीकत ठाऊक नसल्यामुळेच दुरुस्तीचे निम्मे श्रम भलत्याच ठिकाणी खर्ची पडतात, असे आमचे मत आहे.

1885च्या तारायंत्राच्या कायद्याने संदेशवहनाचा सर्वाधिकार सरकारने आपल्या हाती घेतला तेव्हा बिनतारी विद्या जन्मासही आली नव्हती. 1895 साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली, तेव्हा प्रेक्षकांत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर जातीने हजर होते. पण सामान्य गृहस्थाच्या दिवाणखान्यात या लहरी यावयास आणखी तीन दशके जावी लागली. 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. दीड किलोवॅट शक्तीचे ते प्रक्षेपक यंत्र, आणि त्याचा खात्रीचा पल्ला सुमारे 48 किलोमीटर. पनवेल मुंबई बेटापासून सरळ रेषेत तिसेक किलोमीटरवर, आणि मधली बरीचशी वाट बंदराच्या व खाडीच्या खाऱ्या पाण्यावरून. मध्यम लहरी कोरड्या जमिनीपेक्षा खाऱ्या पाण्यावरून सुखाने धावतात, त्यामुळे ज्या खाडीने पूर्वी प्रवासी आणि टपाल आणले, तिनेच गाणे आणि बाजारभावही आणण्यास मदत केली, हा योगायोग मोठा रमणीय आहे.

त्या काळच्या संचाची मांडणी आजच्या राउटरहून अवघड होती, आणि तिच्यातील दोषांचे शोधन हा एक स्वतंत्र व्यासंग होता. स्फटिकाच्या संचात विजेची गरज नसे. गॅलिनाच्या खड्यावर बारीक तारेचे टोक टेकवून ‘जागा’ शोधावी लागे, आणि दार आपटले की ती जागा सुटे. छपरावर लांब ताणलेली आकाशतार आणि जमिनीत पुरलेली भूतार ही या यंत्राची दोन अंगे होत. ऐकू येईनासे झाले की जाणता मनुष्य संचाला हात न लावता प्रथम परसात जाऊन भूतारेच्या मुळाशी घागरभर पाणी ओती, कारण वैशाखात जमीन वाळली म्हणजे भूतार निकामी होते. उलट आषाढात विजा चमकू लागल्या की आकाशतार सोडवून ठेवावी लागे. दोष यंत्रात पाहण्यापूर्वी जागेत पाहावा, हा दंडक त्या पिढीस अनुभवाने पाठ झाला होता.

या आनंदावर सरकारी मोहोर होती. संच बाळगावयाचा तर टपाल कचेरीत वार्षिक 10 रुपये भरून परवाना घ्यावा लागे, आणि त्यातील 8 रुपये कंपनीच्या पदरी पडत. चोरून ऐकणारे अर्थातच पुष्कळ होते. कंपनी 1930 साली बुडाली त्याचे एक कारण हेही, की श्रोते होते पण परवानाधारक नव्हते. जुन्या कायद्याखाली संचाचा वापर सिद्ध करणे कठीण जाई, म्हणून 1933चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा झाला, आणि परवान्यावाचून यंत्र नुसते बाळगणे हाच गुन्हा ठरला. पहिल्या अपराधास 100 रुपयांपर्यंत आणि पुढच्यास 250 रुपयांपर्यंत दंड. रेडिओचा परवाना 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू राहिला. ज्यांच्या घरी तिकिटे चिकटविलेली ती पुस्तिका होती त्यांना ती लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याबरोबर जपून ठेवलेली आठवत असेल.

या व्यवस्थेची दुसरी बाजू मात्र विसरली जाते. लहरींवर सरकारची मालकी म्हणून त्यांच्या बंदोबस्ताची जबाबदारीही सरकारचीच होती. कोणते केंद्र कोणत्या लांबीवर बोलेल हे ठरलेले असे, आणि कोणी आगंतुक मध्ये घुसला तर त्यास हुडकून काढणारी यंत्रणा होती. 1942 साली उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत 42.34 मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत, तेव्हा पोलिसांच्या शोधक गाड्यांना चुकविण्यासाठी त्यांना वारंवार जागा बदलावी लागली, आणि 12 नोव्हेंबर रोजी अखेर ती मंडळी पकडली गेली. परक्या राजवटीची ती दडपशाही होती यात शंका नाही, तथापि लहर कोठून निघते हे शोधण्याची शक्ती आणि इच्छा सरकारपाशी होती, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

दूरचित्रवाणीचा मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 रोजी प्रारंभ झाला, त्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. गच्चीवर एक मुलगा ॲन्टेना मुंबईच्या दिशेस फिरवीत आहे, जिन्यात दुसरा निरोप पोचवीत आहे आणि खाली आई ‘आता आलं, आता गेलं’ असे ओरडत आहे, हे चित्र ज्यांनी पाहिले त्यांना ते सांगावयास नको.

दरम्यान गावाचे रूप पालटत होते. 1970 साली सिडको स्थापन झाली, आणि जुन्या पनवेलच्या पलीकडे नवीन पनवेल, खांदा वसाहत, कळंबोली, कामोठे असे सेक्टरांनी मोजले जाणारे नगर उभे राहू लागले. 1998 साली हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली. जुन्या गावातील वाड्याला लाकडी सांगाडा, विटा-मातीच्या जाड भिंती आणि वर कौले. नव्या वसाहतीतील बिऱ्हाडाला सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा, आत लोखंडी सळ्या, आणि एका जिन्यावर समोरासमोर दारे. वास्तुरचनेतील हा फरक पुढे बिनतारी जाळ्याच्या नशिबी फार महत्त्वाचा ठरावयाचा होता.

विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून, मोडेमच्या किंचाळण्यातून येई. त्यानंतर वसाहतींत केबलवाले अवतरले. दूरचित्रवाणीसाठी त्यांनी गच्चीवरून गच्चीवर ओढलेल्या तारांच्या जोडीला निळ्या-करड्या लॅन तारा आल्या, आणि जिन्याच्या मीटरपेटीशेजारी एक लहान स्विच खिळ्याला टांगला जाऊ लागला. जूनच्या पहिल्या गडगडाटात हे स्विच आणि त्यांना जोडलेल्या संगणकांची द्वारे जळून जात. ‘पोर्ट उडाला’ हा वाक्प्रचार तेव्हाचा.

2005चा जानेवारी महिना या इतिहासात विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. आदल्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला 256 किलोबिट ही किमान गती ठरविली होती, तदनुसार महानगर टेलिफोन निगम व भारत संचार निगम या दोन्ही सरकारी संस्थांनी त्या महिन्यात आपापल्या ब्रॉडबँड सेवा सुरू केल्या. भारत संचार निगमच्या काही योजनांत रात्री 2 ते सकाळी 8 हा वेळ मोफत असे, त्यामुळे कित्येक घरांतील विद्यार्थी अभ्यासाच्या निमित्ताने पहाटे उठू लागले आणि आईबापांस क्षणभर धन्यता वाटली. त्याच महिन्याच्या 28 तारखेस केंद्र सरकारने एक लहानशी नियमावली प्रसिद्ध केली, जिच्याकडे वृत्तपत्रांचे फारसे लक्ष गेले नाही. 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीचे बिनतारी यंत्र बाळगण्यास वा चालविण्यास यापुढे परवाना लागणार नाही. शक्ती कमाल 1 वॅट, ॲन्टेनाचा गुण धरून 4 वॅट, आणि ॲन्टेना छपरापासून 5 मीटरच्या आत. अमेरिकेत 1985 साली जी मुभा मिळाली, जिच्यावर 1997चे 802.11 हे मानक आणि 1999 नंतरचा वायफायचा सारा व्यापार उभा राहिला, ती या देशात अशा रीतीने पुरतेपणी पोचली.

पण या मुभेला शर्त होती. ही सूट इतरांच्या कामात व्यत्यय न आणण्याच्या, स्वतःस संरक्षण न मागण्याच्या आणि पट्टा सर्वांशी सामायिक वापरण्याच्या अटीवर होती. अटींपैकी मधली आमच्या दृष्टीने या प्रकरणाचे मर्म होय. शेजाऱ्याच्या यंत्राने तुमचे यंत्र गुदमरले तर तुमची फिर्याद ऐकणारे दप्तर नाही. जेथे परवाना आहे तेथे दाद आहे. जेथे परवाना गेला तेथे दादही गेली. गावच्या गायरानावर ज्याप्रमाणे कोणाच्याही गुराने चरावे आणि कोणीही कोणाविरुद्ध मामलेदाराकडे जाऊ नये, तसा हा पट्टा झाला. या सौद्यात नागरिकाचा लाभ निःसंशय अधिक आहे. तथापि त्या दिवसापासून व्यत्ययाची सर्व चौकशी सरकारच्या कचेरीतून निघून घरातील कर्त्या मनुष्याच्या, बहुधा घरातील सर्वांत धाकट्या मुलाच्या, अंगावर आली.

व्यत्ययाबरोबर जाळ्याची राखणही घरच्यांवरच आली, आणि याचे पहिले कडू प्रत्यंतर पनवेलहून लोकलने अर्ध्या तासावर असलेल्या सानपाड्यास आले. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, आणि त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना गेलेल्या धमकीच्या ई-पत्राचा माग काढीत पोलीस सानपाड्यातील एका अमेरिकन रहिवाशाच्या सदनिकेपर्यंत पोचले. त्याच्या घरचे बिनतारी जाळे कुलूपबंद नव्हते आणि कोणा भलत्यानेच त्याचा उपयोग करून घेतला, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरच्या एका पेढीचे जाळे अशाच कामी वापरले गेले. 2009च्या आरंभी मुंबई पोलिसांची पथके उघडी जाळी शोधीत फिरू लागली, आणि दूरसंचार खात्याने सेवा पुरविणाऱ्यांस ग्राहकांची जाळी सुरक्षित करवून घेण्याचे हुकूम काढले. त्यापूर्वी संकेतशब्द घालणे हे कंजूषपणाचे लक्षण मानले जाई; तो न घालणे आता संशयाचे लक्षण झाले. वसाहतींतील पुष्कळ घरांत पासवर्ड शिरला तो तांत्रिक ज्ञानाच्या वाटेने नव्हे, तर पोलीस दारात येतील या धास्तीच्या वाटेने. आणि भीतीने घातलेले कुलूप नेहमी घराच्या नावाचे, मुलाच्या जन्मसालाचे किंवा टेलिफोनच्या आकड्याचे असते.

आता दोषशोधनाच्या प्रत्यक्ष विद्येकडे वळू. पेटी घरी आली, दिवे लागले, आणि तरी काही चालेना, या अवस्थेत मनुष्य प्रथम म्हणतो ‘वायफाय बंद आहे’. या तीन शब्दांत किमान तीन निरनिराळ्या व्याधी दडलेल्या असतात. मोबाइलवर जाळ्याचे नाव दिसते, जोडणीही होते, पण पान उघडत नाही, तर घरातील लहर निरोगी असून रोग बाहेरच्या तारेत आहे. प्रकाशतंतूच्या पेटीवर ‘एलओएस’ अक्षरांपाशी लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही, आणि मग सेटिंगांत कितीही खटपट केली तरी व्यर्थ. बहुधा रस्ता खणणाऱ्याने वा गच्चीवर वाळवण घालणाऱ्याने तंतू मोडलेला असतो. लाल दिवा नाही, पण पेटीला बाहेरचा पत्ता मिळत नाही, तर केबलवाल्याने दिलेले नाव-संकेतशब्द तपासावे.

येथे केबलवाल्यांची एक खास वहिवाट आडवी येते. प्रत्येक संगणकाच्या जाळेपत्रिकेवर कारखान्यातून आलेला एक ठाम क्रमांक असतो, ज्यास मॅक क्रमांक म्हणतात. एका जोडणीवर दोन बिऱ्हाडे बसू नयेत म्हणून केबलवाले ग्राहकाची जोडणी त्या क्रमांकाशी बांधून टाकीत. गृहस्थ हौसेने राउटर आणी, तार संगणकातून काढून त्यात खोची, आणि पलीकडचे यंत्र नवा चेहरा पाहून दार लावून घेई. सगळे दिवे हिरवे, आणि इंटरनेट नाही! यावर उपाय दोन: केबलवाल्यास फोन करून नवा क्रमांक नोंदवून घ्यावा, नाहीतर राउटरला संगणकाचा क्रमांक धारण करावयास लावावे. हा दुसरा उपाय ‘मॅक क्लोन’ या नावाने त्याच्या पानांत दिलेलाच असतो. पनवेल-कामोठ्याच्या दुकानांत राउटर विकणारा पोऱ्या गिऱ्हाइकाला ‘नेट कुणाचं?’ हे जे प्रथम विचारी, त्यामागे हे शास्त्र होते.

दुसरी नामांकित व्याधी दोन पेट्यांची. सेवा देणारा आपली पेटी देतो, आणि घरात जुनी एक असतेच. दोघींचा पत्ता 192.168.1.1, दोघीही येणाऱ्या प्रत्येक यंत्राला पत्ते वाटावयास सज्ज. एका कचेरीत दोन कारकून एकाच नोंदवहीतून आवक क्रमांक देऊ लागले तर जो गोंधळ होईल तो येथे होतो, आणि तो कधी होतो कधी होत नाही, म्हणून अधिक छळतो. दुसऱ्या पेटीचे पत्तेवाटप बंद करून तिला नुसती लहर फेकण्याच्या कामावर ठेवावे, की भांडण मिटते. पण सामान्यतः होते असे, की कोणीतरी टाचणी घेऊन मागच्या बारीक छिद्रातील कळ दाबून धरतो, पेटी जन्मावस्थेत जाते, केबलवाल्याने घातलेले नाव-संकेतशब्दही पुसले जातात, आणि जेथे पूर्वी एक दोष होता तेथे दोन होतात. बंद करून दहा-वीस सेकंदांनी पुन्हा चालू करणे आणि टाचणी लावणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे प्रत्येक पेटीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत छापावयास हवे होते.

राहिली भिंत. 1927 साली मुंबईहून निघणारी लहर सुमारे साडेतीनशे मीटर लांबीची होती. तिच्या लेखी पनवेलचे घर म्हणजे वाटेतला खडाही नव्हता. राउटरची 2.4 गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची, आणि 5 गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहूनही आखूड. ती प्रत्येक सळई, प्रत्येक लोखंडी कपाट, माळ्यावरची पाण्याची टाकी आणि पावसात ओल धरलेली भिंत मोजीत जाते. तार हॉलच्या खिडकीतून आत येते म्हणून पेटी हॉलच्या कोपऱ्यात दूरचित्रवाणीच्या मागे बसते, आणि मुलाची अभ्यासाची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये स्वयंपाकघर. तेथील मायक्रोवेव्ह भट्टी 2.4 गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात काम करीत असल्याने ती चालू असेपर्यंत मुलाचा वर्ग अडखळतो. 2020च्या टाळेबंदीत हॉलमध्ये वडिलांची बैठक आणि आत मुलीची शाळा एकाच वेळी भरू लागली, तेव्हा पेटी कोपऱ्यातून काढून, तार लांबवून, घराच्या मध्यावर आणि माणसाच्या उंचीच्या वर ठेवावी, हे शहाणपण वसाहतींत एकाएकी पसरले. जुन्या वाड्यांत निराळेच घडते. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि परसू एकामागे एक असल्यामुळे लहरीला जाड मातीच्या भिंती ओळीने ओलांडाव्या लागतात. एक राउटर ओटीवर ठेवून त्याने परसातल्या विहिरीपर्यंत पोचावे ही अपेक्षा गैरवाजवी होय. माजघरात तारेने जोडलेली दुसरी पेटी हाच तेथे प्रामाणिक उपाय. स्वस्तातला ‘एक्स्टेंडर’ बहुधा दुर्बल लहर घेऊन तिचीच दुर्बल नक्कल पुढे पाठवितो.

आणि भिंतीपलीकडे शेजारी. 2.4 गिगाहर्ट्झचा तो सारा पट्टा 83.5 मेगाहर्ट्झ रुंद. त्यात 13 वाहिन्या मोजतात खऱ्या, पण त्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या असतात की एकमेकींस स्पर्श न करणाऱ्या तीनच निघतात, पहिली, सहावी आणि अकरावी. नवीन पनवेलच्या एखाद्या इमारतीत रात्री नऊ वाजता मोबाइल उघडून पाहावे, वीस-वीस जाळ्यांची नावे ओळीने दिसतात. 2018 साली 5 गिगाहर्ट्झचे विस्तीर्ण पट्टे घराबाहेरही परवानामुक्त झाल्याने पुष्कळ दाटी कमी झाली. पण स्वस्त दिवे, कॅमेरे आणि छपाईयंत्रे अजून जुन्याच पट्ट्यात राहतात, आणि दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले असले म्हणजे नवा दिवा जाळ्यास का जुळत नाही याचा शोध घेण्यात एक सुट्टी सहज जाते.

1885 आणि 1933च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 साली नवा दूरसंचार कायदा संमत केला. शेजाऱ्याची वाहिनी बदलविण्याचा अधिकार मात्र त्याने कोणत्याही कचेरीस दिलेला नाही. तिसऱ्या मजल्याने पहिली वाहिनी घ्यावी, चौथ्याने सहावी, पाचव्याने अकरावी, आणि सहाव्याने पुन्हा पहिलीपासून आरंभ करावा, अशी तजवीज कोणतीही गृहनिर्माण संस्था आपल्या सर्वसाधारण सभेत एका ठरावाने करू शकेल. त्यास खर्च नाही आणि कंत्राटदारही लागत नाही. पण सभेपुढे गच्चीची गळती, वाहनतळ आणि पाण्याचा टँकर हे विषय असतात, आणि त्यांतून हा विषय पटलावर यावयाचा आहे.